अंतःकरणाची कैफियत

खासगी समुपदेशकाच्या खोलीचा जिना प्रथमच चढणाऱ्या मनुष्यास स्वतःच्या व्यथेहूनही अधिक भय वाटते ते जिन्याच्या तोंडाशी भेटू शकणाऱ्या परिचिताचे. कारण सातारा काय किंवा सांगली काय, साताऱ्याच्या पोवई नाक्यावर सकाळी कोण कोणास दिसले याची वार्ता सांगलीच्या विश्रामबागेतील सोयऱ्याच्या कानी सायंकाळपर्यंत जावी, एवढीच आपल्या नगरांची व्याप्ती. ज्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि परक्याच्या दुःखाने भरसभेत डोळे पुसण्याचा संस्कार ज्या सांगलीने पिढ्यानपिढ्या जोपासला, तेथील कर्त्या पुरुषाने आपली झोप उडाल्याचे पत्नीपाशीही बोलू नये, याचे मला मनस्वी दुःख होते.

न बोललेले दुःख पुष्कळदा देवऋषीच्या दारी जाते. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 साली स्थापिलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी, अंगात येण्यामागे मनाची व्याधी असू शकते, हे गावोगाव जाऊन समजाविले; समुपदेशनाचा मार्ग आज जिल्ह्याच्या ठिकाणी थोडाबहुत रुळला असेल, तर त्या श्रमांचे ऋण मान्य केले पाहिजे.

पहिली भेट बहुधा पाऊण तास ते तासभर चालते. झोप, भूक, जुने आजार, चालू औषधे, व्यसन, घरातील ताण यांची विचारपूस होते. जीव द्यावासा वाटतो काय, हेही सरळ विचारले जाते, आणि त्या प्रश्नाने दचकू नये. मात्र ‘मग आता मी काय करू, ते सांगा’ या प्रश्नाचा निकाल त्या दिवशी मिळत नाही. आपण तेथे फिर्याद घेऊन जातो आणि न्यायाधीशाची अपेक्षा करतो. समोरची व्यक्ती मात्र आपली कैफियत आपल्यालाच नीट ऐकू यावी एवढ्यासाठी बसलेली असते. आरंभीच्या काही भेटींनंतर मन हलके होण्याऐवजी अधिक जड झाले, तरी ते अघटित नव्हे. औषध लिहिण्याचा अधिकार मात्र मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचा. समुपदेशकाने ते लिहून देऊ नये. समुपदेशकाचे शिक्षण, अनुभव, फी आणि भेट चुकल्यास काय, हे प्रारंभीच विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

माझ्या मते या व्यवहाराचा सारा नैतिक भार गुप्ततेवर आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मनोरुग्णास उपचारांविषयीच्या गुप्ततेचा हक्क दिला, आणि जीवितास धोका अथवा न्यायालयाचा हुकूम यांसारखे मोजके अपवादही नमूद केले. हे अपवाद समुपदेशकाने पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितले पाहिजेत. खरी कसोटी लागते ती सज्ञान कन्येची फी भरणारे वडील ‘ती काय बोलते?’ असे मोठ्या काकुळतीने विचारतात तेव्हा. त्यांची माया खोटी नसते, आणि आपल्याकडे लेकीचे गुपित बापापासून ठेवणे हे पाप वाटावे इतके घर एकजीव असते. तरीही तिच्या संमतीवाचून एक अक्षरही बाहेर जाता कामा नये, कारण फीच्या पावतीबरोबर मुलीच्या मनाची मालकी हस्तांतरित होत नाही. हे त्या वडिलांना न दुखविता सांगता येणे, हाही त्या विद्येचाच भाग. आणि लग्नमंडपात समुपदेशकाशी गाठ पडलीच, तर ओळख दाखविण्याचा पहिला अधिकार अशिलाचा; म्हणूनच समुपदेशक नात्यागोत्यातला नसावा.

ज्यांना फी परवडत नाही, त्यांच्यासाठी 2022 च्या ऑक्टोबरापासून ‘टेलि-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. आणि खासगी समुपदेशकाकडे चार भेटींनंतरही बोलणे जमत नसेल, तर मुकाट्याने जाणे थांबविण्यापेक्षा तसे त्यांनाच सांगून दुसऱ्या कोणाचे नाव मागावे. जाणता समुपदेशक ते राग न धरता देतो.