हरलेल्यांच्या मतांचे काय?



निवडणुकीचा निकाल लागतो, गुलाल उधळला जातो, फटाके वाजतात आणि दुसऱ्या दिवसापासून आपण सारे आपापल्या कामाला लागतो. कोण निवडून आले हे गावातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण ज्यांनी त्या उमेदवाराला मत दिले नाही, त्यांच्या मतांचे पुढे काय होते? वरवर साधा वाटणारा हा प्रश्न लोकशाहीच्या मुळाशी जातो.

मत देणे ही एक गोष्ट आणि मते मोजणे ही दुसरी गोष्ट. मोजण्याचा नियम माणसांनीच केलेला असतो आणि नियम बदलला की राज्य करणारी माणसेही बदलू शकतात. नीरा आणि भीमा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या नरसिंहपूरचेच उदाहरण घ्या. तिथला शेतकरी बारामती लोकसभा मतदारसंघात मत देतो, तर नदीपलीकडचा सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी माढा लोकसभा मतदारसंघात. ऊस दोघांचाही, पाण्याची चिंताही दोघांची सारखीच. पण एक रेषा ओढली गेली आणि दोघांसमोरचे उमेदवार वेगळे झाले.

नरसिंहपूर ज्या इंदापूर विधानसभा मतदारसंघात आहे, तिथे २०२४ साली मुख्यतः तिरंगी लढत झाली. विजयी झालेले दत्तात्रय भरणे यांना सुमारे १ लाख १७ हजार मते मिळाली. हर्षवर्धन पाटील यांना सुमारे ९८ हजार आणि अपक्ष प्रवीण माने यांना सुमारे ३८ हजार. मागच्या दोघांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांपेक्षा जास्त होते. निकाल कायद्याप्रमाणे अगदी योग्य आहे, त्याबद्दल कोणाचीही तक्रार नसावी. तिसऱ्या उमेदवाराची मते दुसरीकडे कशी गेली असती हेही कोणी सांगू शकत नाही. मुद्दा एवढाच की आपली पद्धत ‘सर्वांत जास्त मते कोणाला?’ एवढेच विचारते. ‘निम्म्याहून अधिक लोकांना कोण मान्य आहे?’ हे ती विचारीतच नाही.

हा दुसरा प्रश्न विचारणारी पद्धतही आपल्याकडे आहे. विधान परिषदेच्या पुणे विभाग पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत मतदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितात. पहिल्या पसंतीत कोणाचाही कोटा पूर्ण झाला नाही, तर शेवटच्या उमेदवाराला बाद करून त्याच्या मतदारांची पुढची पसंती मोजली जाते. इथे हरणाऱ्याला दिलेले मतही वाया जात नाही. म्हणजे इंदापूरचा एखादा शिक्षक आमदारकीसाठीच दोन वेगवेगळ्या रीतींनी मत देतो.

नियमाचा प्रभाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः अनुभवला होता. १९३७ साली मुंबई प्रांतात काही मतदारसंघांतून एकापेक्षा जास्त प्रतिनिधी निवडायचे होते. जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला होती आणि ती सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. त्यामुळे संख्येने लहान असलेला समाज आपली मते एकवटून आपला माणूस निवडून आणू शकत होता. त्या निवडणुकीत बाबासाहेब मुंबईतून निवडून आले. १९५२ साली ते उत्तर मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघातून लोकसभेला उभे राहिले. मतदाराला याही वेळी दोन मते होती, पण दोन्ही एकालाच देता येत नव्हती. ७४ हजारांहून अधिक मते बाद ठरली आणि बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. मधल्या पंधरा वर्षांत राजकारणही बदलले होते, तेव्हा सारे खापर नियमावर फोडता येणार नाही. पण नियम बदलल्याने लहान समाजाच्या हातातले एक साधन गेले, हे खरे.

आश्चर्य वाटेल, पण जितकी मते तितक्या जागा देणाऱ्या प्रमाणशीर पद्धतीची सूचना घटना समितीत आली, तेव्हा ४ जानेवारी १९४९ रोजी बाबासाहेबांनीच तिला विरोध केला. लोकांमध्ये साक्षरता कमी, म्हणून पद्धत सोपी हवी. आणि सभागृहात फार तुकडे झाले तर सरकार टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. प्रत्येक पद्धतीत काही मिळते आणि काही गमवावे लागते. स्थिर सरकार हवे असेल, तर काही मतांचा आवाज क्षीण होतो. प्रत्येक आवाज सभागृहात हवा असेल, तर सरकार डळमळू शकते.

आपल्या पवित्र सभेच्या इतिहासातही याचे उदाहरण आहे. ११७९ सालापासून पोप निवडताना दोन-तृतीयांश मतांचा नियम आहे. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी अशी सवलत ठेवली, की तीसहून अधिक फेऱ्यांनंतरही निवड झाली नाही तर निम्म्याहून अधिक मते पुरतील. २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ही सवलत काढून टाकली. विचार करा, शेवटी निम्मी मते पुरणार असतील तर बहुमतातल्या गटाला इतरांशी बोलण्याची गरजच काय? नुसते थांबले की झाले! दोन-तृतीयांश हवी असतील, तर दुसऱ्यांचे मन जिंकावेच लागते. २०२५ च्या मे महिन्यात १३३ कार्डिनल मतदार होते आणि ८९ मते लागणार होती. दुसऱ्याच दिवशी पोप लिओ चौदावे निवडून आले.

अर्थात, प्रत्येक गावात दोन-तृतीयांश मते मिळेपर्यंत मतदान घेत बसता येणार नाही. सरपंचाच्या निवडीचेच पाहा. २०१७ साली महाराष्ट्रात सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा कायदा झाला. २०२० साली ती निवड पुन्हा सदस्यांकडे गेली आणि २०२२ साली परत जनतेकडे आली. सदस्यांनी निवडायचे तर सदस्य फोडण्याची आणि त्यांना सहलीला नेऊन ठेवण्याची भीती. जनतेने निवडायचे तर सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, मग ठराव अडून राहण्याची भीती. दोन्हींकडे अडचण आहेच.

म्हणून नियमाचा विचार करावा, चांगल्या नियमासाठी आग्रहही धरावा. पण नियमावर सगळे सोडून मोकळे होऊ नये. कोणतीही मोजणी शेवटी काही लोकांना हरलेल्यांच्या बाजूला उभे करतेच. त्यांच्याशी निकालानंतर कसे वागायचे, हे कायदा पूर्णपणे ठरवू शकत नाही. ते आपल्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडलेले असते. नळाची लाइन कोणत्या आळीत आधी जाणार? घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव वर येणार? ‘ते आपल्या पॅनेलचे नव्हते’ या एका वाक्यावर जर एखाद्या विधवेचे घर अडत असेल, तर ते सरकार गावाने निवडलेले असूनही गावाचे उरत नाही. ज्याला शंभरातल्या पंचेचाळिसांनी निवडले, तो शंभरांचा सेवक असतो. उरलेल्या पंचावन्नांची जबाबदारी तर त्याच्यावर अधिकच, कारण त्यांनी त्याला न निवडताही त्याचा अधिकार मान्य केलेला असतो.

हरलेल्यांनाही कर्तव्य आहे. निकाल मान्य करायचा, पण पाच वर्षे रुसून घरी बसायचे नाही. ग्रामसभा वर्षातून किमान ४ वेळा भरते. तिथे जिंकलेल्या आणि हरलेल्या मतदाराला सारखाच प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. मतदानाच्या दिवशी रांगेत उभे राहणारे आपण, ग्रामसभेच्या दिवशी कुठे असतो? आणि आपला उमेदवार जिंकला असेल, तर शेजारच्या हरलेल्या घराचे काम अडल्यावर त्यांच्यासाठी शब्द टाकायला आपण जातो का? पुढच्या ग्रामसभेला जाण्यापूर्वी प्रत्येकाने हे स्वतःला विचारावे.