हिशेब आपणच मागायचा

कर्ज 'मिटवून देणारा' एजंट कर्जदाराला सगळ्यात आधी सांगतो, की आता बँकेशी तुम्ही बोलायचं नाही. फोन आला तर उचलू नका, हप्ता भरू नका, ती रक्कम दर महिन्याला आमच्याकडे टाका, पुढचं आमचे वकील बघतील. वसुलीच्या फोनांनी हैराण झालेल्या माणसाला हे ऐकूनच हायसं वाटतं. पनवेलजवळच्या तळोजा एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली काम करणाऱ्या आणि पगार लांबला की दोन क्रेडिट कार्डं नि एका कर्ज देणाऱ्या ॲपवर महिना ढकलणाऱ्या माणसाला तर जास्तच. माझं म्हणणं असं, की कर्जदाराचं खरं नुकसान या सल्ल्यापासूनच सुरू होतं.

तळोजाचं उदाहरण घ्यायला कारण आहे. सिडकोने 2018 मध्ये 14,838 घरांची सोडत काढली, त्यातली बरीच घरं तळोजात होती. 17 नोव्हेंबर 2023 ला बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली आणि इथे घर घेण्याची हिंमत आणखी वाढली. इथल्या कितीतरी कुटुंबांत गृहकर्ज घेणारी ही पहिलीच पिढी. मिळकत मात्र कारखान्याच्या पाळीवर आणि ओव्हरटाइमवर. ओव्हरटाइम बंद झाला की घराचा हप्ता कसाबसा जातो, कार्डाचा राहतो, आणि मग फोन सुरू होतात. फोन शेजाऱ्याला, मेव्हण्याला, कंपनीच्या सुपरवायझरलाही जातात. पैसे नाहीत याची लाज एकवेळ गिळता येते, पण चारचौघांत अब्रू जाण्याची भीती माणसाला कुठल्याही कागदावर सही करायला लावते. एजंटाचा धंदा चालतो तो या भीतीवर.

रिझर्व्ह बँकेने 11 डिसेंबर 2023 रोजी याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता. कर्जमाफीच्या जाहिराती करायच्या, सेवाशुल्क किंवा कायदेशीर फी घ्यायची आणि कसलाही अधिकार नसताना 'कर्जमाफी प्रमाणपत्र' हातात ठेवायचं, असे उद्योग सुरू असल्याचं तिने म्हटलं. अशा लोकांच्या नादी लागल्यास थेट आर्थिक नुकसान होतं, हेही स्पष्ट सांगितलं. ज्याने कर्ज दिलं त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाला ते माफ करता येत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे.

सगळेच एजंट बनावट प्रमाणपत्रं देतात असं नाही. काही जण रीतसर करार करतात आणि बँकेशी बोलतातही. त्यांचा हिशेब मांडून पाहू. समजा, कार्डावर दोन लाख थकले आहेत. महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज अनेक कार्डांवर लागतं. म्हणजे महिन्याला सात हजार, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 1,260. एजंटाच्या सांगण्यावरून सहा महिने काहीच भरलं नाही, तर विलंब शुल्क आणि व्याजावरचं व्याज न धरताही थकबाकी अडीच लाखांच्या घरात जाते. आता बँक अर्ध्यावर तयार झाली असं धरू. सव्वा लाख तिला आणि एजंटाची फी दोन लाखांवर 15 टक्के धरली तर तीस हजार त्याला. मूळ दोन लाखांतले वाचले पंचेचाळीस हजार, आणि सिबिलच्या पतअहवालात वर्षानुवर्षं राहणारी 'सेटल्ड' ही नोंद पदरात पडली. बँक तयार झाली नाही, तर एजंटाला आगाऊ दिलेले पैसे बहुधा गेलेच. बँक तडजोडीला राजी होते ती कर्जदाराची परिस्थिती आणि थकबाकीचं वय पाहून. त्यात एजंटाची भर काहीच नसते, त्यामुळे तीच तडजोड कर्जदाराला स्वतः मागता येते.

त्या सहा महिन्यांत आणखी एक धोका असतो. कर्ज थकणं हा गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे. पण दिलेला चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम 138 लागू शकतं. खात्यातून परस्पर जाणारा हप्ता पैशांअभावी परत गेला तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम 25 आहे, आणि दोन्हींत दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. 'बाउन्स होऊ द्या, काही होत नाही' असं सांगणारा एजंट नोटिशीवर नाव कुणाचं येणार आहे हे सांगत नाही.

अमेरिकेतही हा धंदा असाच फोफावला होता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर 2010 पासून नियम लावला: फोनवरून कर्जमुक्तीची सेवा विकणाऱ्याने निदान एक तरी कर्ज प्रत्यक्ष मिटवल्याशिवाय फी घ्यायची नाही. फी आधी की काम आधी, हा प्रश्न आपल्याकडेही कायद्याने सोडवायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी भरल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांचा रोख कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. काय लिहिलंय ते ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी ते जाळलं. सरकारने आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. कोर्टाने नुसत्या रोख्यावर विसंबायचं नाही, व्यवहार सुरू झाला तिथपासून मुद्दल वेगळं, व्याज वेगळं मांडायचं, असं त्यात ठरलं. पावती आणि खातेउतारा मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. दाव्याआधी समेट घडवणारे नेमले गेले, आणि त्यांच्यापुढे वकिलाला उभं राहू दिलं जात नसे. ऋणको आणि धनको यांनी समोरासमोर बसून हिशेब करावा, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो.

तो विचार आज कसा अमलात आणायचा? हप्ता चुकण्याआधीच शाखेत जायचं आणि लेखी अर्ज द्यायचा: पगार लांबला आहे, मुदत वाढवा, किंवा कार्डाची थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. खातेउतारा मागून मुद्दल, व्याज आणि दंड वेगळे करून पाहायचे, कारण कार्डं सोडून इतर कर्जांत दंडाची रक्कम मुद्दलात मिसळून तिच्यावर व्याज लावायला रिझर्व्ह बँकेने 2023 च्या परिपत्रकाने मनाई केली आहे. पैसे अपुरे असतील तर घराचा हप्ता आधी. घर तारण आहे, कार्डामागे तारण नाही.

वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना छळायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 ला बजावलं आहे. तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा, मेसेज जपा आणि आधी बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही. 14448 वर मराठीत माहिती मिळते. खासगी सावकाराचं प्रकरण वेगळं. त्याचा परवाना पाहायचा आणि तक्रार सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे करायची. त्याला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. जुन्या दामदुपटीचा नियम आपल्या 2014 च्या सावकारी कायद्यातही आहे.

प्रकरण वकिलापर्यंत गेलं तरी एजंट लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तळोजातल्या किती कामगारांना हे कुणी सांगितलं असेल? कारखान्यांच्या गेटवर सुरक्षेच्या पाट्यांशेजारी ही एक ओळ लावायला काय हरकत आहे? पनवेलच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, 15100 ही हेल्पलाइन आहे, आणि लोक अदालतीत दावा दाखल होण्याआधीची बँकेची प्रकरणंही घेतली जातात. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून पेलेल तेवढ्याच हप्त्यावर सही करायची.

तडजोड ठरली की पैसे भरण्याआधी पत्र हातात घ्यायचं. ते बँकेच्या लेटरहेडवर हवं. कर्जखात्याचा पूर्ण क्रमांक, ठरलेली रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, भरण्याच्या तारखा, आणि ही रक्कम भरल्यावर काहीही येणं राहणार नाही असं वाक्य त्यात असलं पाहिजे. एखादी तारीख चुकली तर तडजोड रद्द होईल, ही अट बहुधा तळाशी बारीक अक्षरांत असते, ती आधी वाचायची. पत्र खरं आहे का हे शाखेत जाऊन विचारायचं, पत्रावर छापलेल्या नंबरावर नव्हे. पैसे फक्त कर्जखात्यात भरायचे, कुणाच्या यूपीआयवर नाही. मग थकबाकी नसल्याचा दाखला घ्यायचा, कोरे चेक परत मागायचे, आणि दोनेक महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढायचा. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. नोंद चुकीची असेल तर तक्रार करायची. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला मिळायला हवी, असा एप्रिल 2024 पासूनचा नियम आहे.