अपराध माणसाचा, क्षमा कोणाची?

यहुदी पंचांगातील तिश्री महिन्याची 10 तारीख म्हणजे ‘योम किप्पूर’, प्रायश्चित्ताचा दिवस. आदल्या सायंकाळपासून सुमारे 25 तास अन्नपाणी वर्ज्य असते व दिवस प्रार्थनेत जातो. कोकणातील बेने इस्राएल लोक याला ‘दरफाळणीचा सण’ म्हणत. पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून ते उपवास करीत.

उपवास आपल्याला परका नाही. रोजे पूर्वीच्या लोकांवरही अनिवार्य होते, असे दिव्य कुरआनने सांगितले आहे. मदीनेतील यहुदी मूसा (अ.) यांच्या सुटकेच्या कृतज्ञतेसाठी आशूराचा रोजा ठेवतात, हे कळल्यावर पैगंबर मुहम्मद (स.) यांनी स्वतः तो रोजा ठेवला व ठेवण्यास सांगितले.

परंतु योम किप्पूरला यहुदी धर्मपंडितांनी घातलेली एक मर्यादा विचार करण्याजोगी आहे. मिश्ना या त्यांच्या ग्रंथानुसार, ईश्वराविरुद्धचे अपराध या दिवशी धुतले जातात; माणसाविरुद्धचे अपराध त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय धुतले जात नाहीत.

सर्वशक्तिमान ईश्वर हेही का माफ करीत नाही? कारण तो न्यायीही आहे. पीडिताचा हक्क परस्पर सोडून देऊन अपराध्याला मोकळे करणे, ही दया नव्हे. पीडितावर तो दुसरा अन्याय ठरेल. म्हणूनच इस्लामनेही अल्लाहचे हक्क आणि दासांचे हक्क वेगळे मानले. नमाज, रोजे व जकात घेऊन आलेला, पण कोणाला शिवी दिलेला, कोणाचा माल खाल्लेला मनुष्य कियामतच्या दिवशी दिवाळखोर ठरेल, त्याची पुण्ये पीडितांत वाटली जातील, असा इशारा पैगंबरांनी (स.) दिला आहे.

आता आपल्या घरात पाहू या. बहिणीचा वाटा अल्लाहने ठरवून दिला आहे. तरी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि ‘तिने खुशीने सोडले’ असे सांगितले जाते. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही खुशीची असते काय? अशा भावाने रमजानच्या रात्री कितीही अश्रू ढाळले, तरी तिचे देणे फिटत नाही.

योम किप्पूरच्या दुपारी यूनुस (अ.) यांचा वृत्तांत वाचला जातो. त्यांच्या लोकांच्या तौबेविषयी तालमूद सांगतो, की ज्याने चोरीची तुळई घरात बसवली होती, त्याने सारे घर पाडून ती मालकाला परत केली.

आपल्या घराची एखादी तुळई बहिणीची तर नाही ना? असेल तर आधी ती परत करावी, मग हात उचलून दुआ मागावी.