ऊब कुणाची?

सोसणं हा गुण आहे का नुसती सवय, हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नाही. जो जास्त सोसतो तोच खरा शेतकरी, असं लहानपणापासून ऐकत आलो.

आमचा निफाड तालुका थंडीसाठी प्रसिद्ध. पौषात पारा चार-पाच अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून लोक रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. गाईच्या पाठीवर गोणपाट टाकतात. शेतीची लाइट पाळीने येते, काही दिवस रात्रीचीच. मग गव्हाला पाणी द्यायला रात्री दोनला निघायचं. मळा चार किलोमीटर. दहिवरात भिजलेल्या मोटारसायकलच्या सीटवर बसलं की गारठा कमरेतून थेट मस्तकात जातो. द्राक्षाला ऊब, गाईला ऊब, माणसाने मात्र सोसायचं.

माझा पुतण्या वायरमनचं काम शिकलेला. यंदा त्याने सीटचं कव्हर उसवलं. फोममधून उष्णता वर येत नाही, म्हणून हीटरची तार फोमच्या वर आणि कव्हरच्या खाली नागमोडी घातली. बारा व्होल्टवर अडीच अँपिअर, म्हणजे तीस वॅट. जवळपास हेडलाइटच्या बल्बइतका भार. मध्ये पाच अँपिअरचा फ्यूज. चावी बंद की तारही बंद. चाळीस अंशांला आपोआप तुटणारा एक छोटा स्विचही बसवला. याहून जास्त भार घातला तर बॅटरी उतरेल, असं तो म्हणाला.

पारावर चेष्टा झाली. "तात्या, आता सीटवर गादी-उशी पण टाका!" एक म्हातारबा म्हणाले, "आम्ही गोणपाटाची खोळ घेऊन बारे दिले. मेलो का?" मेले नाहीत, हे खरं. गुडघे धरून बसलेत, हेही खरं. उपाय नव्हता तेव्हा त्यांनी सोसलं, त्याला मी हात जोडतो. पण उपाय हाताशी असताना जो सोसतो, त्याच्यात धीर कमी आणि मिरवणं जास्त. शिवाय असा माणूस एकटा सोसत नाही. मी सोसलं म्हणून पोराने सोसावं, मी सोसलं म्हणून सुनेने सोसावं, असं ते सातबाऱ्यावरच्या नावासारखं खाली उतरत जातं.

आणि सीट गरम झाली म्हणून रात्रीची लाइट गोड मानायची, असंही नाही. दिवसा वीज मागायची ती मागायचीच.

पण उबेचंही एक असतं. शेकोटीजवळ वाटसरू येऊन हात शेकतो, त्याला कुणी विचारत नाही की लाकूड आणलंस का. सीटची ऊब तशी नाही. ज्याच्या बुडाखाली, त्याची.

गोदाकाठच्या उसात बिबटे वाढल्यापासून रात्री मी एकटा मळ्यात जात नाही. टॉर्च धरायला आमची कारभारीण मागे बसून येते. पुतण्या पुढच्या भागात तार घालत होता, तेव्हा तिने फोमवर हात ठेवला. "थंडी काय फक्त पुढच्यालाच वाजते का रे?"

"काकू, तीस वॅट दोघांत वाटले तर दोघांनाही कमीच लागेल."

"लागू दे."

तार तीच, लांबवर पसरून घातली. आता सीट तापत नाही, नुसता गारठा मोडते. तेवढं पुरतं. कधी तिच्या जागी मजूर बसतो, त्यालाही पुरतं.

सुखाची लाज धरू नये, असं माझं मत झालं आहे. मात्र कोणतंही सुख घरात आणताना त्याची तार कुठवर पोचते, ते आधी बघावं. मागे बसलेलं माणूस सहसा बोलत नाही. आमचं बोललं, हे बरं झालं.