बीज आणि क्षेत्र

कांहीं उपमा इतक्या जुन्या होतात कीं, त्या उपमा आहेत हेंच माणसाच्या ध्यानांतून जातें. पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे क्षेत्र, ही त्यांपैकींच एक. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत तिचा विस्तारानें ऊहापोह आहे. आणि ज्यांनीं तो ग्रंथ डोळ्यांनीं पाहिलाहि नाहीं, त्यांच्या घरांतहि ती आज नांदत आहे.

चंद्रपूर जिल्ह्यांतील कोरपना तालुका हा तेलंगणाच्या सीमेलगतचा, काळ्या जमिनीचा व पऱ्हाटीचा मुलूख. तेथील एका वृद्ध शेतकऱ्यांशीं आमचें बोलणें चाललें असतां, त्यांच्या सुनेला तिसरीहि मुलगीच झाल्याचा विषय निघाला. "वावरच तसं हाय, त्याले कोन काय करन?" असे उद्गार त्यांनीं सहज काढले. गृहस्थ दुष्ट नव्हते. थोरली नात त्यांच्या मांडीवरच खेळत होती. पण आमच्या मनांत आलें, याच गृहस्थांनीं एका जातीची म्हणून सरकी पेरली असती आणि उगवली असती दुसरीच, तर त्यांनीं वावराला बोल लावला असता काय? त्यांनीं सरकीची रिकामी पिशवी घेऊन विकणाऱ्याचें दार गांठलें असतें. म्हणजे उपमा खरी मानली तरी दोष क्षेत्राकडे जात नाहीं. पीक मनासारखें आलें कीं बीजाची थोरवी, न आलें कीं क्षेत्राचा दोष, असा हा न्याय आहे. आणि तो उपमेंतून निघालेला नसून सोयींतून निघालेला आहे.

परंतु मुळांत ही उपमा तरी खरी आहे काय? याचें उत्तर त्या वावरांतील फुलांतच आहे. विदर्भांत आज प्रामुख्यानें पिकणाऱ्या अमेरिकन कापसाच्या पेशींत ५२ गुणसूत्रें असतात. पुंबीज व स्त्रीबीज तयार होतांना हा आंकडा निम्मा होतो. पराग २६ आणतो, स्त्रीबीज २६ देतें, आणि दोहोंच्या मीलनानें जी सरकी धरते तींत पुन्हां ५२ भरतात. हें अर्धें होणें नसतें, तर पुढच्या पिढींत १०४, तिच्या पुढें २०८, अशी रास वाढतच गेली असती. देशी कापसाचीं सूत्रें २६, म्हणून त्याचें अर्ध १३. या दोहोंचा संकर केला तर १३ आणि २६ मिळून ३९ होतात, सूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहींत, आणि तें झाड सहसा वांझ राहतें. प्राण्यांतहि आई व बाप सारख्याच संख्येनें सूत्रें देतात, हें बेल्जियमचे एदुआर व्हान बेनेडेन यांनीं १८८३ सालीं घोड्याच्या पोटांतील जंतांत पाहिलें.

मग वावर कोठें राहिलें? माती ओल देते, अन्न देते, आधार देते. पण ५२ पैकीं एकहि सूत्र देत नाहीं. माता क्षेत्र नव्हे, असें आम्ही म्हणत नाहीं. नऊ महिने ती क्षेत्र असतेच. परंतु अर्धें बीजहि तीच असते.

मनुष्याचीं सूत्रें ४६. तीं ४८ आहेत असें शास्त्रज्ञ अनेक वर्षें मानीत होते. त्जिओ व लेवान यांनीं १९५६ सालीं तो आंकडा दुरुस्त केला. शास्त्रहि चुकतें, पण तें पुन्हां मोजतें. आई २३ देते, बाप २३ देतो. आईच्या तेविसांत 'एक्स' सूत्र असतें. बापाच्या तेविसांत 'एक्स' तरी असतें किंवा 'वाय' तरी, आणि सामान्यतः त्यावरच मुलगी कीं मुलगा हें ठरतें. नेटी स्टीव्हन्स या विदुषीनें १९०५ सालीं पिठांतील किड्यांत हा भेद ओळखला.

तर मग दोष बापाचा म्हणावयाचा काय? मुळींच नाहीं. लक्षावधि पुंबीजांतून कोणतें पोंचेल, हें बापाच्या हातीं नसतें. आणि जेथें निवड नाहीं तेथें दोषहि नाहीं. सुनेच्या माथ्यावरचा दोष काढून मुलाच्या माथीं ठेवल्यानें न्याय होत नाहीं. कन्येचा जन्म हा कोणाचा तरी दोष असला पाहिजे, ही समजूतच टाकून द्यावयास हवी.

ज्ञान वाढलें म्हणजे ती आपोआप जाईल, असें कोणी म्हणेल. आंकडे तसें सांगत नाहींत. गर्भाचें लिंग जाणून घेण्याविरुद्ध महाराष्ट्रानें १९८८ सालीं आणि देशानें १९९४ सालीं कायदा केला. तरीहि महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागें मुली १९९१ सालीं ९४६, २००१ सालीं ९१३ आणि २०११ सालीं ८९४ उरल्या. हें पाप अडाण्यांचें, असें म्हणून आम्हां सुशिक्षितांस सुटतां येणार नाहीं. यंत्रापर्यंत पोंचावयास पैसा लागतो, ओळख लागते, आणि पडद्यावर काय दिसतें तें विचारण्याइतकें शहाणपणहि लागतें. कोरपन्याच्या त्या वृद्धांनीं वावराला बोल लावला, पण तिन्ही नाती घरांत वाढत आहेत. ज्यांना एक्स-वाय पाठ होतें, अशा कित्येक घरांत मुलीला बोल लावण्याचाहि प्रसंग आला नाहीं.

निसर्गांतून नीति काढूं नये, हें आम्ही जाणतों. अर्धें-अर्धें देण्याचा हा नियम माणसाला चांगला करीत नाहीं. तो फक्त खोटी सबब हिरावून घेतो. गर्भधारणेंत निवड नसते, म्हणून तेथें कोणाचाहि दोष नाहीं. निवड सुरू होते ती पुढें, दवाखान्याच्या दारांत. आणि तेथील दोष बीजाचा नसतो, क्षेत्राचाहि नसतो. तो निवडणाराचा असतो, आणि त्याची वांटणी करतां येत नाहीं.