घरभेद्याचा शोध आणि साधनशुचिता

विश्वासाने कानी पडलेली गोष्ट जो बाहेर फोडतो तो दोषी होय, याविषयी दुमत नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची लक्षणे सांगताना अपैशुन, म्हणजे चहाडी न करणे, याची गणना केली आहे. परंतु त्याच श्लोकात सत्याचीही गणना आहे. तेव्हा प्रश्न असा उद्भवतो की, चहाडी करणाऱ्याला पकडण्यासाठी असत्याचा आश्रय घ्यावा काय?

अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड या संगणक बनविणाऱ्या विख्यात कंपनीपुढे हा प्रश्न उभा राहिला होता. संचालक मंडळातील गुप्त चर्चा वार्ताहरांपर्यंत पोहोचू लागली. अध्यक्षा पॅट्रिशिया डन यांनी शोध आरंभिला. नेमलेल्या हेरांनी तोतयेगिरी केली. संचालकांची व वार्ताहरांची नावे धारण करून त्यांच्या दूरध्वनीच्या नोंदी मिळविल्या. मे २००६ मध्ये घरभेदी संचालक सापडला. परंतु या चौकशीचा निषेध करून टॉम पर्किन्स या दुसऱ्या संचालकाने त्याच सभेत राजीनामा दिला. सप्टेंबरमध्ये सारा प्रकार उघडकीस आला आणि डन यांना पद सोडावे लागले. डिसेंबरमध्ये कंपनीने कॅलिफोर्निया राज्याशी तडजोड करून १ कोटी ४५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

हे सारे कायद्यास धरून आहे अशी आपली समजूत होती, असे डन यांचे म्हणणे होते. त्यांच्यावरील फौजदारी आरोप २००७ मध्ये न्यायालयाने काढून टाकले. न्यायालयाचा प्रश्न तेथे संपला. धर्माचा प्रश्न मात्र संपत नाही. धर्म एवढेच विचारीत नाही की, हे कायद्यात बसते काय; तो असेही विचारतो की, हे ज्याच्याविषयी चालले आहे त्याच्यासमोर उघडपणे करता येईल काय? जे काम परक्याचे नाव घेतल्यावाचून होत नाही, त्याचे उत्तर त्या कामातच आहे. शिवाय काम दुसऱ्याच्या हाती सोपविले म्हणून कर्तृत्वही सोपविता येत नाही. ‘मला फळ हवे, ते कसे आणले ते सांगू नका’ ही वृत्ती अलिप्तता नव्हे. तो फलासक्तीचाच एक प्रकार आहे. आणि वडील माणसे जी वाट चालतात तीच पुढे इतरांचा प्रघात होतो, म्हणून प्रमुखाचा दोष त्याच्यापुरता राहत नाही.

मग प्रमुखाने काय करावे? दोषाकडे डोळेझाक करावी असे नव्हे. सर्वांसमक्ष विचारावे, नियम स्पष्ट करावेत, आणि इतके करूनही अपराधी न सापडल्यास ती हानी सोसावी. विश्वासाचे रक्षण विश्वासघाताने होत नाही.

गृहस्थाचे घर हीही एक लहानशी संस्थाच आहे. मुलाचे पत्र चोरून वाचणाऱ्या, वा आज पत्नीचा मोबाईल गुपचूप चाळणाऱ्या गृहस्थाला कदाचित हवी ती माहिती मिळेल; परंतु ज्या विश्वासासाठी तो शोध होता, तो त्या घरात उरणार नाही.