कासवाच्या पेटींतील किडे

पाळलेल्या कासवाच्या पेटींतील ओली माती चाळवली कीं तींतून पांढरे कण उड्या मारूं लागतात. त्यांचें काय करावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं स्वच्छतेचा वाटतो. माझ्या मतें तो नीतीचा आहे. (आपल्याकडे तारा-कासव घरीं बाळगणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा असल्यामुळें तो मुख्यतः इंग्लंडसारख्या देशांत पडतो.)

तेथें ही हौस जुनी आहे. सेलबोर्नचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याच्याकडे १७८० सालीं टिमथी नांवाचें कासव आलें. तें बागेंत मोकळें हिंडे, आणि तेथल्या किड्यांचा हिशेब बागच ठेवी. आजचें कासव पुष्कळदां पेटींत, विजेच्या उबेंत राहतें. त्याला ओलावा हवा म्हणून माती भिजवावयाची, आणि बुरशी आली कीं ती खावयास किडे यावयाचे. म्हणजे हे आगंतुक नव्हेत; आपणच घातलेल्या मांडवांतले ते पाहुणे होत.

त्यांतले बहुतेक निरुपद्रवी. ते उडणारे कण म्हणजे ‘स्प्रिंगटेल’. लांबी मिलिमीटर दोन मिलिमीटर. पोटाखालीं दुमडलेली फांटेदार शेपटी सुटली कीं प्राणी उडतो. बुरशी व कुजका पाला हें त्याचें अन्न. शास्त्रज्ञ आतां त्याला बहुधा कीटकवर्गांतही धरीत नाहींत. पण आपल्या किळसेला एवढा विवेक कोठला?

गोचिडीची गोष्ट निराळी. ती कातडींत रुतून रक्त पिते. तिला चिमट्यानें काढणें हें कर्तव्यच होय. जखमेंत माशीनें अंडीं घातलीं तर अळ्या जिवंत मांस खातात. तेथें अहिंसेचा घोळ घालणाराला मी दयाळू म्हणणार नाहीं. ज्या प्राण्याला पळून जाण्याची सोय आपण ठेवली नाहीं, त्याच्या वतीनें मारण्याचा अधिकार आपल्याकडे येतो. पण तो तेवढ्यापुरताच.

एरव्हीं आपण मारतों तें आपल्या किळसेकरितां, आणि नांव घेतों कासवाचें. इतर जनावरांच्या अंगावरील किड्यांवर सर्रास दिलें जाणारें आयव्हरमेक्टिन कासवाला प्राणघातक ठरूं शकतें, हें १९८३ मध्यें प्रसिद्ध झालें. मारण्याची घाई कोणाच्या जिवावर बेतेल याचा नेम नसतो.

चिलटें वाढलीं तर उष्टा पाला रोज उचलावा, वरची माती सुकूं द्यावी. यानेंही किडे मरतातच. मग उपासमार विषाहून सौम्य कशी? मरणाराच्या दृष्टीनें ती सौम्य नव्हे, हें मला मान्य आहे. परंतु माती सुकवितांना आपण आपलीच करणी मागें घेतों. विष फवारतांना ती झांकतों. माती अगदीं कोरडी मात्र करतां येत नाहीं, कारण कोरड्या हवेंत वाढणाऱ्या पिलांच्या पाठीवर उंचवटे येतात. तेव्हां थोडे किडे राहणारच. ते राहूं द्यावे.